गोळी घेतली, दुखायचं थांबलं. मग दात बरा झाला का?



पीएच.डी.च्या मुलाखतीची तयारी करणारे बरेच जण सिनॉप्सिस वाचायला पाठवतात. त्यातल्या निम्म्याअधिक शीर्षकांचा साचा एकच असतो: 'अमुक आणि तमुक यांच्यातील संबंधाचा अभ्यास'. साचा वाईट नाही. पण 'संबंध' या शब्दाच्या पोटात काय काय दडलेलं आहे, हे लिहिणाऱ्याने बघितलेलं नसतं. म्हणून आज असा एकच विषय घेऊ आणि तो नीट उलगडून बघू. विषय आहे दातांच्या उपचारांची धास्ती असलेली प्रौढ माणसं आणि दातदुखीवर ती स्वतःच्या मनाने घेत असलेली औषधं.

ऐकायला सोपा वाटतो. एका प्रश्नावलीने धास्ती मोजायची, दुसरीने औषध घेतलं का ते विचारायचं, काय-स्क्वेअर टेस्ट लावायची, पी-व्हॅल्यू ०.०५ च्या खाली आली की प्रकरण चौथं तयार. असं केलं तर या विषयात हमखास फसायला होतं, आणि फसण्याची काही कारणं थेट दाताच्या आत आहेत. मला हा विषय आवडतो तो त्यामुळेच. (मी दंतवैद्य नाही, विज्ञानाची विद्यार्थिनी आहे. कुठली गोळी घ्यावी हे सांगायला हा लेख लिहीत नाहीये.)

आधी दात

दाताच्या आत मऊ गर असतो, त्याला पल्प म्हणतात. त्यात नसा असतात, बारीक रक्तवाहिन्या असतात. कीड खोल गेली की या गराला सूज येते. हाताला सूज आली तर हात फुगतो, कारण कातडी ताणली जाते. दाताच्या आत फुगायला जागाच नाही, चारी बाजूंनी टणक भिंती. मग दाब वाढतो आणि ठणका लागतो. रात्री आडवं झालं की डोक्याकडे जाणाऱ्या रक्ताचा दाब थोडा वाढतो, त्यामुळे दिवसा सहन होणारी दाढ रात्री झोपू देत नाही. दवाखाने बंद, घरातल्या डब्यात कुठलीतरी उरलेली स्ट्रिप. स्वतःच्या मनाने औषध घेण्याचा निर्णय बहुतेकदा असा रात्री होतो. प्रश्नावलीत 'कधी घेतलं' हा प्रश्न ठेवायचा तो यासाठी.

आता गोळी. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारखी औषधं प्रोस्टाग्लँडिन तयार होण्याच्या वाटेवर अडथळा आणतात. प्रोस्टाग्लँडिन कमी झालं की नसांची संवेदनशीलता कमी होते. दातदुखीवर ही औषधं खरोखर चांगली लागू पडतात. इतकी, की नवीन वेदनाशामक औषध तपासायचं असेल तर अक्कलदाढ काढल्यानंतरचं दुखणं हा जगभर एक ठरलेला नमुना म्हणून वापरतात. त्यामुळे 'लोक अडाणी आहेत म्हणून गोळ्या खातात' असं गृहीत धरून जो सिनॉप्सिस सुरू होतो, तो मी बाजूला ठेवते. माणूस गोळी घेतो कारण गोळीने बरं वाटतं. त्याचं निरीक्षण अचूक आहे.

त्यातून तो जो निष्कर्ष काढतो, तिथे गडबड आहे. गोळीने सुजेचं दुखणं कमी होतं, कीड जागच्या जागी राहते. काही दिवसांनी, कधी काही आठवड्यांनी, आतला गर मरतो. नसच मेली की ठणका एकदम थांबतो, थंड पाणीसुद्धा झोंबत नाही. ज्याने त्या आठवड्यात गोळ्या घेतल्या, त्याच्या दृष्टीने हा यशस्वी प्रयोग झाला. जंतू मात्र मुळाच्या टोकाकडे आणि तिथून जबड्याच्या हाडाकडे जायला मोकळे असतात. सहा महिन्यांनी गालाला सूज येते तेव्हा या दोन घटना कोणी जोडत नाही. ते दुखणं 'आधीच बरं झालेलं' असतं.

यावरून एक गोष्ट वहीत लिहून ठेवा. 'औषधाने आराम पडला का?' या प्रश्नाला 'हो' असं उत्तर आलं तर त्यात किमान तीन गोष्टी मिसळलेल्या असतात. एक, औषधाचा खरा परिणाम. दोन, दुखणं टिपेला पोचलं की माणूस गोळी घेतो, आणि टिपेला गेलेली गोष्ट काहीही न करता थोडी खाली येते. सांख्यिकीत याला 'सरासरीकडे परतणं' म्हणतात. तीन, गर मरणं. तुलनेसाठी दुसरा गट नसेल तर या तिन्ही वेगळ्या करता येत नाहीत, नमुना हजाराचा घेतला तरी.

अँटिबायोटिकच्या बाबतीत ही तुलना प्रत्यक्ष झालेली आहे. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत गराला कायमची सूज आलेले ४० रुग्ण घेतले. काहींना सात दिवस पेनिसिलिन दिलं, काहींना तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी. वेदनाशामक दोन्ही गटांकडे होतं. दुखण्यात लक्षणीय फरक दिसला नाही. पुढे कॉक्रेनच्या आढाव्यातही आधार म्हणून हीच लहानशी चाचणी आली. म्हणजे पुरावा थोडा आहे, पण जो आहे तो 'दातदुखीला अमॉक्सिसिलिन' या समजुतीच्या बाजूने नाही. आता विचार करा: मेडिकलमधून दोन अँटिबायोटिकच्या आणि दोन दुखण्याच्या गोळ्या एकत्र मिळाल्या, आराम पडला. श्रेय कोणाला जाईल? बहुतेक जण 'ती मोठी कॅप्सूल जोरदार होती' असंच म्हणतील.

धास्ती कशी मोजणार?

अमेरिकेतल्या नॉर्मन कोरा यांनी १९६९ मध्ये चार प्रश्नांची एक मोजपट्टी प्रसिद्ध केली. तिच्यात एक ठळक उणीव होती, ती म्हणजे सुईबद्दल प्रश्नच नव्हता. १९९५ मध्ये ब्रिटनमध्ये गेरी हम्फ्रिस आणि सहकाऱ्यांनी ती सुधारून पाच प्रश्नांची केली. उद्या उपचाराला जायचंय, बाहेर बसून वाट बघताय, आता दात कोरायचं मशीन लागणार आहे, दात साफ करणार आहेत, वरच्या दाढेच्या हिरडीत सुई देणार आहेत. यातल्या प्रत्येक वेळी किती धास्ती वाटेल ते एक ते पाचमध्ये सांगायचं. बेरीज ५ ते २५. १९ किंवा जास्त आली तर तीव्र धास्ती समजतात. एमडीएएस या नावाने ती तुम्हाला सगळीकडे दिसेल.

पाच ओळींचंच तर भाषांतर, असं वाटतं. करून बघा. मूळ शब्दाला 'चिंता' म्हणायचं का? मराठीत चिंता मुलीच्या लग्नाची असते, कर्जाची असते, सुईची नसते. 'भीती' म्हटलं की, विशेषतः पुरुष, 'छे, भीती कसली' म्हणून एकवर खूण करतील. 'धास्ती' जवळचा आहे, पण शहरातल्या विशीतल्या मुलांच्या तोंडी तो कितपत आहे? 'टेन्शन' सगळ्यांना कळतं, पण मग पाच पायऱ्या कशा पाडणार? 'थोडं टेन्शन', 'बऱ्यापैकी टेन्शन', 'खूपच टेन्शन' यातलं अंतर सारखं आहे असं कोण सांगणार? आपल्याकडे लोक हे शरीराच्या भाषेत सांगतात: पोटात गोळा येतो, हातपाय गार पडतात, छातीत धडधडतं. माझ्या मते मराठी आवृत्ती करताना मूळ पाच प्रश्न तसेच ठेवावेत, नाहीतर इतरांच्या आकड्यांशी तुलनाच करता येणार नाही. पण चाचणीच्या फेरीत दहा-बारा जणांना शेजारी बसवून 'हा प्रश्न वाचल्यावर तुमच्या मनात काय आलं?' असं विचारावं. उलट भाषांतर करून इंग्रजी जुळलं म्हणजे काम झालं असं नसतं. कागदावर जुळलेला शब्द माणसाच्या मनात वेगळंच काही जागं करू शकतो.

चौथा प्रश्न तर आणखी अवघड. 'दात साफ करून घेताना' कसं वाटेल, हे आयुष्यात कधीच दात साफ करून न घेतलेल्या माणसाने कसं सांगायचं? तो कल्पनेने सांगेल किंवा मधला आकडा निवडेल. आणि जे या पाच प्रश्नांत बसतच नाही त्याचं काय? 'वरची दाढ काढली की नजर जाते' ही समजूत आपल्याकडे किती घरांत आहे ते घरी विचारून बघा. शास्त्रीय आधार काही नाही, पण त्यामुळे दवाखाना टाळणाऱ्या माणसाला सुईची वा मशीनची काहीच भीती नसेल, तर एमडीएएसवर त्याची बेरीज आठ येईल आणि आपण त्याला 'धास्ती नाही' या रकान्यात टाकू.

जाता जाता एक मजेशीर धागा. दाताच्या दवाखान्याचा जो ठरावीक वास असतो, त्यात मोठा वाटा युजेनॉलचा असतो. युजेनॉल म्हणजे लवंगेच्या तेलातला मुख्य घटक, तात्पुरत्या सिमेंटमध्ये तो वापरतात. १९९८ मध्ये फ्रान्समधल्या संशोधकांनी हा वास देऊन लोकांच्या शरीराच्या प्रतिक्रिया मोजल्या. दंतोपचाराला घाबरणाऱ्यांना तो वास नकोसा वाटला आणि त्यांच्या प्रतिक्रियांत भीतीसारख्या भावना दिसल्या. न घाबरणाऱ्यांना तोच वास चांगला वाटला. आता आपल्याकडे बघा. दाढ दुखली की आजी पहिल्यांदा लवंगच धरायला सांगते. तोच वास मसाल्याच्या डब्यातही आहे, पानाच्या विड्यातही आहे. इथे हा प्रयोग केला तर तेच उत्तर येईल का? मला माहितीत असलेल्यांपैकी हा सगळ्यात स्वस्तात होणारा आणि सगळ्यात छान प्रश्न आहे. कोणीतरी घ्या.

बाण कुठून कुठे जातो?

'धास्तीमुळे माणूस दवाखाना टाळतो आणि गोळ्या घेतो' हा पहिला बाण सगळ्यांना सुचतो. स्वीडनमधल्या उल्फ बर्गग्रेन यांनी १९८० च्या दशकात आणि पुढे २००७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या जेसन आर्मफील्ड व सहकाऱ्यांनी याला दुष्टचक्राच्या रूपात मांडलं: धास्ती, मग टाळाटाळ, मग दात जास्त बिघडणं, मग अगदी असह्य झाल्यावरच उपचार, आणि त्या उपचाराच्या त्रासातून पुन्हा धास्ती. मानसशास्त्रात टाळाटाळ का टिकते याचं स्पष्टीकरण सरळ आहे. अपॉइंटमेंट रद्द केली की त्या क्षणी हायसं वाटतं, आणि हायसं वाटणं हेच बक्षीस. गोळी या बक्षिसाला दुप्पट करते, कारण आता दुखणंही कमी झालेलं असतं.

या चक्राचा एक तुकडा मात्र निव्वळ मनाचा नाही, रसायनशास्त्राचा आहे. हिरडीत देतात ते लिग्नोकेन हे अल्कली स्वभावाचं औषध. त्याचा पीकेए साधारण ७.९. नसेच्या आवरणातून आत शिरू शकतं ते त्याचं विद्युतभार नसलेलं रूप. हेंडरसन-हॅसलबाल्क समीकरण आठवतंय ना, बी.एस्सी.ला पाठ केलेलं? नेहमीच्या ७.४ पीएचला हे रूप साधारण २४ टक्के असतं. सुजलेल्या, आम्ल झालेल्या भागात पीएच ६.४ पर्यंत उतरला असं धरा, तर ते जेमतेम ३ टक्के उरतं. औषध तेवढंच, पण आत शिरणारा भाग आठव्या हिश्श्यावर. अर्थात पीएच हे एकच कारण नाही. खालच्या दाढेसाठी सुई दातापासून बरीच लांब, जबड्याच्या मागच्या भागात देतात. तिथला पीएच बदललेला नसतो, तरीही सुजलेल्या गराच्या दाढेत ती बऱ्याचदा पुरती लागत नाही. सुजेमुळे नसाच जास्त उत्तेजित झालेल्या असतात हे त्याचं एक मोठं कारण. दंतवैद्यांच्या बोलण्यात अशा दाढेला 'हॉट टूथ' म्हणतात. त्यांच्याकडे यावर जादा उपाय असतात, वेगळ्या जागी सुई, वेगळं औषध वगैरे. पण मुद्दा लक्षात घ्या. लवकर आलेल्या माणसाला सुई चांगली लागते. धास्तीने तीन आठवडे गोळ्यांवर काढून आलेल्याला ती कमी लागते, आणि मग ज्याची भीती होती तेच होतं. 'मी म्हणत होतो ना, दुखतंच!' तो खरंच बोलत असतो. उशिरामुळे त्याची भीती खरी ठरली, आणि उशीर करणं शक्य झालं ते गोळीमुळे.

म्हणजे बाण दोन्ही दिशांनी आहेत. एकाच दिवशी दोन्ही प्रश्नावल्या भरून घेतल्या तर आपल्याला फक्त त्या चक्राचा एक फोटो मिळतो. फोटोवरून चाक कुठल्या बाजूला फिरतंय ते कळत नाही. 'धास्तीचा स्व-औषधोपचारावर परिणाम' असं शीर्षक अशा आराखड्याला शोभत नाही. 'परिणाम' हा शब्द काढा, नाहीतर त्याच माणसांना सहा महिन्यांनी पुन्हा गाठा.

तिसरी एक गोष्ट या दोन्हींच्या मागे उभी असते: पैसा. दाढ किडली तेव्हा रूट कॅनल परवडलं नाही, ठणका असह्य झाल्यावर ती काढूनच टाकली, तीही सुजलेल्या अवस्थेत. अशा माणसाच्या आठवणीत दंतवैद्य म्हणजे फक्त दाढ उपटणारा. तिथून धास्ती येते. त्याच माणसाला आज रोजंदारी बुडवून तालुक्याला जाणं परवडत नाही, म्हणून तो मेडिकलमधून गोळी घेतो. इथे धास्ती आणि गोळी यांचा एकमेकांशी थेट संबंध नसतानाही आकड्यांत तो दिसेल. उत्पन्न, दवाखान्याचं अंतर आणि आधी कुठला उपचार झाला होता, हे तीन रकाने नसलेली प्रश्नावली मला तरी अपुरी वाटते. शिवाय 'दवाखान्यात का गेला नाहीत?' याला 'वेळ नव्हता' हे उत्तर घाऊक येणार हे गृहीत धरा. भीती वाटली असं चारचौघांत सांगण्यापेक्षा वेळ नव्हता म्हणणं कोणालाही सोपं.

ओपीडीत जे नाहीत ते

आता माझ्या मते या विषयातला सगळ्यात मोठा खड्डा. असे अभ्यास दंत महाविद्यालयाच्या ओपीडीत करणं सोयीचं असतं. रांगेत माणसं बसलेली असतात, फॉर्म भरून देतात, परवानगी एकाच ठिकाणची लागते. पण आपल्याला अभ्यास कोणाचा करायचाय? दवाखाना टाळणाऱ्यांचा. आणि नमुना कुठून घेतोय? दवाखान्यातून!

आकड्यांनी बघू. हे आकडे निव्वळ समजण्यासाठी, कुठल्या अभ्यासातले नाहीत. एका गावात दातदुखी असलेली १,००० प्रौढ माणसं आहेत. २०० जणांना तीव्र धास्ती, ८०० जणांना नाही. धास्तीवाल्यांपैकी शंभरात २० जण ओपीडीत येतात, बाकीच्यांपैकी शंभरात ६०. म्हणजे ओपीडीत ४० आणि ४८०, एकूण ५२०. तुम्ही फॉर्म भरून घेतले तर तीव्र धास्तीचं प्रमाण ७.७ टक्के दिसेल. गावात ते २० टक्के आहे.

प्रमाण चुकलं इतकंच असतं तर ठीक होतं, 'संबंध' तरी बरोबर येईल असं वाटतं. तोही येत नाही. समजा गावात दोन्ही गटांत निम्म्याच लोकांनी गोळ्या घेतल्या आहेत, म्हणजे धास्तीचा आणि गोळ्यांचा काहीही संबंध नाही. पण धास्तीवाला माणूस गोळ्या घेऊनही भागलं नाही तरच ओपीडीत येतो. मग आलेल्या ४० पैकी ३६ जणांनी गोळ्या घेतलेल्या असतील. बाकीच्या ४८० पैकी २४० जणांनी. ओपीडीत तुम्हाला ९० टक्के विरुद्ध ५० टक्के असा दणदणीत फरक मिळेल, पी-व्हॅल्यू चमकेल, आणि गावात तो फरक अस्तित्वातच नाही. उलटही होऊ शकतं: धास्तीवाल्यांना गोळ्यांनी आराम पडला आणि ते घरीच राहिले, तर खरा संबंध ओपीडीत पुसला जाईल. चूक कुठल्या दिशेला जाईल ते आधी सांगता येत नाही. मर्यादांच्या परिच्छेदात 'नमुना एकाच संस्थेतला होता' असं एक वाक्य टाकून हे निस्तरत नाही.

मग उभं कुठे राहायचं? घरोघरी जाणं उत्तम, पण एकट्या विद्यार्थ्याला झेपेलच असं नाही. मेडिकलच्या काउंटरवर उभं राहणं हा दुसरा मार्ग. तिथे गोळी घेणारे मिळतात, पण गोळी न घेता लवंग धरून बसलेले मिळत नाहीत. एखाद्या कारखान्याचा हजेरीपट किंवा गावाची मतदार यादी घेऊन त्यातून यादृच्छिक नावं निवडणं मला सगळ्यात प्रामाणिक वाटतं. त्यात दातदुखी झालेले कमी निघतील, मेहनत जास्त होईल.

'स्वतःच्या मनाने' म्हणजे नक्की काय?

जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येत स्वतः ओळखलेल्या लक्षणांवर स्वतः औषध घेणं येतं, तसंच पूर्वी लिहून दिलेलं औषध पुन्हा पुन्हा घेणंही येतं. म्हणजे दोन वर्षांपूर्वीची चिठ्ठी दाखवून आणलेली गोळी हे स्व-औषध. मेडिकलवाल्याला 'दाढ दुखतेय, काहीतरी द्या' म्हटलं तर? बहुतेक संशोधक ते धरतात, पण तुम्ही धरलं का ते लिहा. हिंग, कापूर, मिठाच्या गुळण्या, पेरूची पानं? तुरटी? आणि तंबाखू? आपल्याकडे दाढ दुखते म्हणून मिश्री लावायला सुरुवात झाली आणि पुढे ती सुटलीच नाही, असं सांगणाऱ्या बायका कितीतरी भेटतील. मिश्रीला 'औषध' या रकान्यात जागा नसेल तर यातली सगळ्यात घातक गोष्ट तुमच्या अभ्यासातून गळाली. 'गोळी हिरडीवरच ठेवली' हाही पर्याय ठेवा. अ‍ॅस्पिरिन असं ठेवलं तर तिथली त्वचा भाजून पांढरी पडते.

गोळीचं नाव विचारणं हे एक स्वतंत्र प्रकरण. मेडिकलवाला स्ट्रिप कापून दोन गोळ्या देतो, त्या तुकड्यावर नाव असेलच असं नाही. लोक सांगतात, 'पांढरी, लांबट'. डायक्लोफेनॅक, केटोरोलॅक, अमॉक्सिसिलिन ही सगळी औषधं नियमाप्रमाणे शेड्यूल एचमधली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. अँटिबायोटिकच्या पाकिटावरच्या लाल रेघेबद्दल केंद्र सरकारने २०१६ मध्ये मोहीमही काढली. प्रत्यक्षात काउंटरवर काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. नाव कळणं का गरजेचं? केटोरोलॅक तोंडावाटे घ्यायची मुदत सगळी मिळून पाच दिवसांची, कारण पुढे पोटात रक्तस्राव आणि किडनीचा धोका वाढतो. आणि एकत्रित गोळ्यांमध्ये पॅरासिटामॉल लपलेलं असतं. दाढेसाठी ३२५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असलेल्या चार गोळ्या, त्यात कणकण वाटते म्हणून ६५० च्या पाच: बेरीज ४,५५० मिलिग्रॅम. निरोगी प्रौढासाठी दिवसाची कमाल मर्यादा ४,००० आहे, दारू पिणाऱ्यासाठी त्याहून कमी. त्या माणसाच्या हिशेबात मात्र त्याने दोन वेगळ्या दुखण्यांची दोन वेगळी औषधं घेतली. म्हणून उत्तरावर विसंबू नका. स्ट्रिप दाखवायला सांगा, नसेल तर नेहमीच्या पाकिटांच्या फोटोंचा तक्ता जवळ ठेवा. आणि 'गेल्या वर्षभरात' असं विचारू नका. तीन महिन्यांपलीकडची गोळी माझ्याही लक्षात राहत नाही.

फॉर्म भरताना समोरचा माणूस

एथिक्स कमिटीच्या अर्जात 'सहभागींना धोका नाही' असं सरसकट लिहिलं जातं. या विषयात ते लिहिताना थांबा. गावात किंवा काउंटरवर तुम्हाला कधीतरी असा माणूस भेटेल, ज्याचा गाल सुजलाय, तोंड पुरतं उघडत नाहीये, गिळताना त्रास होतोय, अंगात ताप आहे, आणि तो पाचव्या दिवशीही गोळ्याच मागतोय. खालच्या दाढेचा संसर्ग जिभेखालच्या भागात आणि मानेत उतरला तर श्वासाची वाट बंद होऊ शकते. १८३६ मध्ये जर्मन डॉक्टर लुडविग यांनी याचं वर्णन केलं, आजही ते त्यांच्याच नावाने ओळखलं जातं आणि आजही त्याने माणसं दगावतात. त्या माणसाला अपॉइंटमेंट नको असते, रुग्णालय हवं असतं, त्याच दिवशी.

आणि आपण नमुना निवडलाय तो दवाखान्याच्या नावाने हातपाय गार पडणाऱ्यांचा. त्याच्या हातात चिठ्ठी दिली आणि 'दाखवून घ्या' म्हटलं तर तो हो म्हणेल आणि घरी जाईल. त्यामुळे कोणाला फोन करायचा, सोबत कोण जाणार, रुग्णालयात 'हा माणूस घाबरतो, आधी बोला, हात वर केला की थांबा' हे कोण सांगणार, ते आराखड्यातच लिहिलेलं हवं. मागे 'हात वर केला की काम थांबवायचं' हा साधा करारही कित्येकांची धास्ती उतरवतो असं दंतवैद्य मैत्रिणी सांगतात, खर्च शून्य.

अशा चार खुणांपैकी एक जरी दिसली तरी प्रश्नावली तिथेच थांबवायची, हा नियम आधी ठरवून ठेवा. फॉर्म अर्धवट राहील. त्यासाठी विश्लेषणाच्या तक्त्यात 'रुग्णालयात पाठवले' असा वेगळा रकाना ठेवा आणि किती जण त्यात गेले तो आकडा निकालाच्या पहिल्याच तक्त्यात छापा.